'एसीत बसून' शेती शिकवणाऱ्या बाईचं उत्तर

पश्चिम केनियातल्या पुश-पुल शेतीवरच्या (मक्यासोबत दुसरी झाडं लावून कीड आणि तण हटवायची पद्धत) माझ्या मागच्या पोस्टवर 'बांधावरचा' या नावाने एक कमेंट आलीय. थोडक्यात असं की, "मॅडम, एसीत बसून आफ्रिकेतल्या गरिबाला व्हिडिओ दाखवून शेती शिकवणाऱ्या तुम्ही कोण? श्रीलंकेचं काय झालं बघा. आणि डेस्मोडियमचं बी कितीला पडतं ते का लिहिलं नाही?"

आधी चूक कबूल करते. नेपियर (चाऱ्याचं उंच गवत) मक्याच्या ओळींमध्ये लावतात असं मी लिहिलं होतं, ते उलटं झालं. ओळींमध्ये डेस्मोडियम (जमिनीवर पसरणारा शेंगवर्गीय वेल) असतं आणि नेपियर शेताच्या कडेने. दुरुस्त केलंय. धन्यवाद.

आता 'एसीत बसून'. अहो दादा, 2014 ते 2017 मी होमा बेच्या बाजूला राहिले, व्हिक्टोरिया तलावाच्या काठाला, एसी सोडा, पंख्याला लाईट असेल तर नशीब, आणि पुश-पुलचा तो व्हिडिओ आम्ही चर्चच्या आवारात मोटारसायकलच्या बॅटरीवर दाखवायचो, अर्ध्यात बंद पडला की बायका हसून उठायच्या आणि म्हणायच्या चला आता खरं शेत बघू. मग सगळ्या जणी शेजारच्या एका मामाच्या (तिकडे मामा म्हणजे आई, मावशी) शांबात, म्हणजे शेतात. तिने मक्याच्या बुडाशी पसरलेला डेस्मोडियमचा वेल हाताने बाजूला केला, खाली कायोंगो (मक्याच्या मुळांवर जगणारं तण) नाही. बांधापलीकडे दिराचं रान, तिथे मका गुडघ्याएवढा आणि सगळीकडे कायोंगोची जांभळी-गुलाबी फुलं. काही न बोलता ती नुसती तिकडे बोट दाखवून उभी राहिली. शिकवलं कोणी, मी?

कायोंगो म्हणजे आपला टारफुलाच हो, त्याचा तिकडचा भाऊबंद. आमच्याकडे लातूरला वडलांच्या ज्वारीत पांढऱ्या फुलांचा यायचा, चौथीत असल्यापासून उपटलाय मी, आणि उपटून काही होत नाही हेही तेव्हाच कळलं कारण एकेका झाडाला हजारोंनी बी आणि ते मातीत दहा-दहा वर्षं जिवंत. डेस्मोडियमच्या मुळांतून जे रस सुटतात त्याने ते बी उगवतं पण मक्याच्या मुळाला चिकटू शकत नाही, मरून जातं. हे माझ्या वडलांना कोणी सांगितलं नाही. त्यामुळे 'गरिबाला शिकवणाऱ्या तुम्ही कोण' हे वाक्य मला लागलं, लागणारच. मी टारफुल्याच्या घरातली आहे.

बरं, ही पद्धत काही मी काढलेली नाही. इसिपे ही नैरोबीची कीटक-संशोधन संस्था, तिच्या म्बीताच्या केंद्रावर झियाउर खान (मूळचे भारतातलेच) आणि इंग्लंडच्या रॉथमस्टेड या शेती-संशोधन संस्थेच्या लोकांनी 90 च्या दशकात बसवली. खोडकिड्याचा पतंग डेस्मोडियमच्या वासाने मक्यापासून लांब जातो आणि कडेच्या नेपियरवर अंडी घालतो, तिथल्या चिकात अळ्या अडकतात. वर नेपियर गाईला. त्यांना पण विचारा की तुम्ही कोण.

श्रीलंकेत 2021 ला सरकारने एका फटक्यात रासायनिक खत बंद केलं आणि पीक घटलं, तेच तुम्हाला म्हणायचंय ना. मी कुठे म्हटलं खत बंद करा? पोस्ट वाचलीत का पूर्ण?

राहिलं बी. महाग पडतं, सहज मिळत नाही, आणि पहिल्या हंगामात निंदायलाही जास्त लागतं, हे काय मला माहीत नाही का. बऱ्याच जणी वेलाचे तुकडे लावून वाढवतात. त्यावर सवडीने लिहीन, प्रत्येक पोस्टमध्ये सगळं मावत नाही.

आणि पुढच्या वेळी निदान खऱ्या नावाने या. मी माझ्या नावाने लिहिते.