डिओडँड : देवाला द्यायचं ते

काल कट्ट्यावर चहा यायच्या आधीच वाजलं. आमच्या वकिलाने ‘डिओडँड’ हा शब्द काढला. जुन्या इंग्रजी कायद्यातला, मूळ लॅटिन ‘देओ दान्दुम’, म्हणजे देवाला द्यायचं. अपघातात माणूस गेला की ज्या वस्तूने जीव घेतला ती, किंवा तिची किंमत, राजाकडे जमा व्हायची. का, तर ती धर्मकार्याला लागावी. बैल असो, घोडा असो, गाडी असो. उभ्या गाडीच्या चाकावर चढताना कोणी पडून मेला तर फक्त चाक जायचं. गाडी चालती असली तर अख्खी गाडी.

‘‘निव्वळ अंधश्रद्धा. चाकाचा कसला गुन्हा?’’ अण्णा म्हणाले.

मला राहवलं नाही. ‘‘अण्णा, सोनिंग ऐका आधी.’’ २४ डिसेंबर १८४१. लंडनहून निघालेली ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी रेडिंगजवळच्या सोनिंगला, डोंगर कापून काढलेल्या वाटेत, कोसळलेल्या दरडीवर आदळली. तिसऱ्या वर्गाची माणसं उघड्या डब्यांत, पुढे इंजिन आणि मागे मालाने भरलेल्या जड वाघिणी. मधल्यामध्ये चिरडली. बरेचसे पाथरवट, लंडनला संसदेच्या नव्या इमारतीवर कामाला होते, नाताळला घरी निघालेले. आठ जागीच गेले, एक नंतर. चौकशीला बसलेल्या ज्यूरीने इंजिन आणि डब्यांवर १,००० पौंडांचा डिओडँड लावला. त्या साध्या माणसांकडे कंपनीला जाब विचारायला हा एकच जुना शब्द होता, आणि त्यांनी तो वापरला. मी याला अंधश्रद्धा म्हणणार नाही.

‘‘पण बायकापोरांना त्यातलं काय?’’ वकील म्हणाला. ‘‘कायद्याने एक पै नाही. माणूस मेला की नुकसानभरपाईचा हक्कही त्याच्याबरोबर मेला, असा तिथला नियम.’’

यावर मी गप्प झालो, कारण मुद्दा त्याचाच खरा. रेल्वे कंपन्यांना असे आकडे परवडेनात, तशी ओरड वाढली. १८४६ मध्ये लॉर्ड कॅम्बेल यांच्या पुढाकाराने डिओडँड रद्द झाला आणि त्याच वर्षी मृताच्या घरच्यांना भरपाई मागायचा हक्क मिळाला. त्याच धर्तीवरचा कायदा १८५५ मध्ये आपल्याकडेही आला.

‘‘म्हणजे शब्द गेला ते बरंच झालं,’’ अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, ‘‘आणि त्या पाथरवटांच्या घरी?’’

‘‘त्यांच्यासाठी तो कायदा पाच वर्षं उशिरा आला,’’ वकील म्हणाला.