शुगर आहे म्हणूनच दातांच्या डॉक्टरकडे जायचं

"शुगरवाल्यांनो, दातांना हात लावू देऊ नका!" असा एक मेसेज सध्या घरोघरच्या ग्रुपांवर फिरतोय. पाच मुद्दे, शेवटी जोडलेले हात आणि 'दहा जणांना पाठवा'. असले मेसेज मी वाचतही नाही. पण माझ्या मावशीनं हा वाचला आणि दातांच्या डॉक्टरची वेळ रद्द केली. तिला मधुमेह आहे, हिरड्यांतून रक्त येतं, खालची एक दाढ हलते. आता गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा: शुगर असेल तर जखम भरत नाही, म्हणून दात काढू नका, साफही करून घेऊ नका. शुगर फार वाढलेली असली की जखम सावकाश भरते, हे खरं आहे, मान्य. म्हणून तर डॉक्टर आधी रिपोर्ट मागतात, शुगर आटोक्यात आणायला सांगतात. पण त्यावरून 'जाऊच नका' हे कुठून आलं? दातांवर कीटण साचतं, हिरडीखाली जंतू ठाण मांडतात, हिरडी दातापासून सुटायला लागते. ही सूज तोंडापुरती राहत नाही. तिच्यामुळे रक्तात उतरणारी द्रव्यं इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात, शुगर चढते आणि चढलेली शुगर हिरड्या आणखी बिघडवते. 2022 मध्ये कॉक्रेननं, म्हणजे जगभरच्या वैद्यकीय चाचण्या पडताळून पाहणाऱ्या संस्थेनं, यावरच्या 35 चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत 3,249 रुग्ण होते. हिरड्यांवर उपचार झालेल्यांचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणारा, टक्क्यांत मोजला जाणारा आकडा) तीन-चार महिन्यांत, उपचार न झालेल्यांच्या तुलनेत, सरासरी 0.43 टक्क्यानं खाली आलं. यामुळे गोळ्या बंद होणार नाहीत, पण आकडा खाली येतो. आणि मेसेज नेमकं हेच टाळायला सांगतो!

बरं, दाढ तशीच ठेवली तर? खालच्या दाढेतला पू जिभेखाली, गळ्यात उतरू शकतो. मग जीभ वर ढकलली जाते, श्वास कोंडतो. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1836 मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, आजही ते त्याच्याच नावानं ओळखलं जातं. मधुमेह असलेल्यांना त्याचा धोका जास्त. गळ्याला सूज, तोंड उघडेना, गिळता येईना, असं झालं तर मेसेज कसले वाचताय, हॉस्पिटल गाठा.

दुसरा मुद्दा, वरची दाढ काढली की नजर जाते. दातांची नस वेगळी, दृष्टीची वेगळी. उलट वरच्या सडलेल्या दाढेचा संसर्ग क्वचित डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचतो. म्हणजे डोळ्यांची काळजी असेल तर ती दाढ आधी दाखवा.

तिसरा: कॅन्सर झालेल्या 97 टक्के लोकांनी रूट कॅनाल (दातातली सडलेली नस काढून पोकळी भरणं) केलेलं असतं. या आकड्यामागे प्रसिद्ध झालेला एकही अभ्यास नाही. भीती मात्र जुनी आहे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत वेस्टन प्राइस हा दंतवैद्य रूट कॅनाल केलेले दात सशांच्या कातडीखाली बसवायचा आणि अशा दातांमुळे शरीरात रोग होतात असं सांगायचा. त्या काळात असंख्य लोकांचे वाचू शकणारे दात उपटले गेले.

चौथा, मिश्रीनं हिरड्या घट्ट होतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. पुढे बोलायलाच नको.

पाचवा, तेलाच्या गुळण्यांनी हृदयातले ब्लॉकेज सुटतात. नाही सुटत. हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार बऱ्याचदा एकत्र दिसतात, हे अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2012 मध्ये मान्य केलं. पण हिरड्या बऱ्या केल्यानं हृदयविकार टळतो याला पुरावा नाही, हेही तिथंच सांगितलं. 'दात साफ करा, हार्ट अटॅक टाळा' असे बोर्ड लावणाऱ्या दवाखान्यांनीही हे वाचावं. गुळण्यांची प्रथा आपल्याकडे जुनी आहे, दातांवरचा थर थोडा कमी होतो असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंही आहे. आवडत असेल तर खुशाल करा, ब्रश मात्र सोडू नका. आणि ते तेल बेसिनमध्ये थुंकू नका, पाइप तुंबतो.