अकरावा लॅप

आज डबा खाताना ऑफिसातला एक जण म्हणाला, "२०२१ची अबू धाबी म्हणजे फॉर्म्युला वनची सगळ्यात भारी शर्यत!" माझी पोळी तशीच राहिली.

भारी? अरे, हंगामाची शेवटची शर्यत, हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपेन दोघांचे ३६९.५ गुण, वर्षभराचा हिशोब ५८ लॅप्समध्ये, म्हणजे ट्रॅकच्या ५८ फेऱ्यांमध्ये मिटायचा होता. हॅमिल्टन आरामात पुढे. ५३व्या लॅपला लतिफी नावाच्या ड्रायव्हरची गाडी आपटली, सेफ्टी कार आली, म्हणजे सगळ्यांनी तिच्या मागे हळू चालायचं. रीत अशी, की पूर्ण लॅपने मागे पडलेल्या गाड्या पुढे सोडायच्या तर सगळ्या सोडायच्या आणि सेफ्टी कार पुढच्या लॅपच्या शेवटी आत घ्यायची. रेस डायरेक्टर मासी आधी म्हणाले, कुणालाच सोडत नाही. मग सोडल्या पाच. हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपेनच्या मधल्या, तेवढ्याच! तिसऱ्या नंबरवरच्या सैंझच्या पुढच्या तशाच राहिल्या. सेफ्टी कार त्याच लॅपला आत. उरला एक लॅप. हॅमिल्टनचे टायर झिजलेले, व्हर्स्टॅपेनचे कोरे. व्हर्स्टॅपेन पुढे गेला आणि जगज्जेता झाला. याला शर्यत म्हणायचं?

मला दादाची शर्यत आठवते. कोल्हापूरजवळचा मातीचा ट्रॅक, दहा लॅप्स. दर लॅपला मी तळहातावर पेनाने रेघ मारत होतो. दहावी रेघ मारली तेव्हा दादा पहिला होता. त्याने हात वर केला, गाडी सैल सोडली. पण झेंडा पडलाच नाही! अकराव्या लॅपला मागचा पुढे गेला आणि तो जिंकला. मी तळहात दाखवत आयोजकांकडे धावलो. वही बघून म्हणाले, "मोजण्यात चूक झाली बाळा, पण निकाल बदलणार नाही."

२०२२च्या मार्चमध्ये एफआयएचा, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेचा, अबू धाबीवर अहवाल आला. मानवी चूक, हेतू चांगला, निकाल कायम. वाचताना तीच वही डोळ्यासमोर आली.

व्हर्स्टॅपेनचा यात दोष नाही, मान्य. वर्षभर जबरदस्त चालवली त्याने. गाड्या सोडायच्या नियमात 'एनी' होतं, 'ऑल' नव्हतं, तेही मान्य. मग नंतर तो शब्द का बदलला? मासींना का हटवलं? चूक कबूल करायची आणि ज्याचं गेलं त्याला काहीच द्यायचं नाही, हे मला पटत नाही. कधीच पटणार नाही.

हॅमिल्टनने त्या संध्याकाळी व्हर्स्टॅपेनचं अभिनंदन केलं. दादानेही त्या पोराशी हात मिळवला होता. मग बादली घेऊन गाडीचा चिखल धूत बसला. खूप वेळ, एक शब्द न बोलता. मी शेजारी उभा, मूठ घट्ट मिटून, रेघा पुसू नयेत म्हणून.

उद्या डब्याला त्या मित्राच्याच शेजारी बसणार आहे. त्याला अकरावा लॅप सांगायचाय.