ज्यांना आपली कथा संपू द्यायची नाही, त्यांच्यासाठी

आपल्याला लढायांची एखादी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, लिहायची असेल आणि ती चार-पाच खंडांत नीट आटोपण्याचा अविचार मनात घोळत असेल, तर हा लेख वाचून होईपर्यंत लेखणी खाली ठेवावी. चांगली कथा सांगणे आणि लांब कथा सांगणे ही दोन वेगळी शास्त्रे आहेत. पहिल्याला प्रतिभा लागते. दुसऱ्याला उधारी करण्याचे धैर्य पुरते. या आठवड्याची अडचण पुढच्या आठवड्याच्या नावावर मांडायची आणि पुढच्या आठवड्याची त्याच्याही पुढच्या, एवढेच त्यातले मर्म आहे. या शास्त्राचा आद्यग्रंथ कोणता असे कोणी विचारलेच, तर मी निःशंकपणे ‘ड्रॅगन बॉल’कडे बोट दाखवीन. अकिरा तोरियामा यांची ही मालिका १९८४ मध्ये ‘साप्ताहिक शोनेन जंप’ या जपानी नियतकालिकात सुरू झाली आणि १९९५ मध्ये थांबली, तोवर तिची ५१९ प्रकरणे आणि ४२ खंड भरले होते. तिचा नायक गोकू हा जुन्या चिनी कथेतल्या वानरराजावरून घेतलेला, शेपटी असलेला मुलगा आहे. त्याची शेपटी यथावकाश कापली गेली. मात्र लंकेतल्या राक्षसांना चिंध्या पुरू न देणाऱ्या मारुतीच्या शेपटीचा गुण कथेने स्वतःकडे ठेवून घेतला.

माझ्या हेतूविषयी गैरसमज नको. शाळा सुटल्यावर दप्तर न उतरवता कार्टून नेटवर्कवर हिंदीतून गर्जना करणारा गोकू पाहणाऱ्या पिढीतला मी आहे, आणि पुढे मूळ मांगा दोनदा वाचून काढली आहे. तेव्हा खालील उपदेश भक्ताचा आहे असे समजून चालावे.

पहिली उधारी मृत्यूच्या दुकानी करावी, कारण तेथे लगेच तगादा लागत नाही. सात गोळे जमवले की शेनरॉन नावाचा ड्रॅगन प्रकट होतो आणि एक इच्छा पुरी करतो, ही मूळ कल्पना. सुरुवातीला या वराचा उपयोग किती माफक होता पाहा: पहिल्याच खेपेस जगाचे राज्य मागायला निघालेल्या पिलाफ नावाच्या खलनायकाच्या आधी ऊलाँग नावाच्या डुकराने ओरडून बाईची चड्डी मागितली आणि ड्रॅगनने ती निमूटपणे दिली. त्यानंतर उपा नावाच्या लहान मुलाचा बाप मारला गेला, तेव्हा त्याला उठवण्यासाठी गोकू आकाशाला भिडलेला मनोरा चढला, एका अख्ख्या सैन्याशी लढला आणि मग कुठे सातही गोळे हाती आले. ते पुनरुज्जीवन वाचताना घशाशी हुंदका येतो, कारण त्याची किंमत मोजलेली आपण पाहिलेली असते. आपण मात्र ही चूक करू नये. एकदा किंमत मोजून दाखवली की वाचक दर वेळी पावती मागतो.

त्यापेक्षा एक नियम घालावा. शेनरॉन एकाच माणसाला दोनदा जिवंत करू शकत नाही, असा तो नियम. नियम असल्याशिवाय त्याला वळसा घालून जाण्याचे कौशल्य दाखवता येत नाही, म्हणून तो हवा. त्याच्या आधारावर तोरियामांनी मालिकेतला सर्वोत्तम प्रसंग रचला, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. नामेक ग्रहावर फ्रीझा नावाचा जुलमी सम्राट गोकूचा जिवलग मित्र क्रिलिन याला हवेत उचलतो आणि फोडून टाकतो. क्रिलिन आधी एकदा मेलेला आणि परत आलेला आहे, आता तो परत येणे नाही, हे गोकूला ठाऊक असते. त्या जाणिवेतून जो संताप उसळतो त्यातून तो हजार वर्षांत एकदा जन्मणारा सुपर सायान, म्हणजे गोकूच्या लढवय्या सायान वंशातला दंतकथेतला महावीर, होतो. साऱ्या प्रसंगाचे वजन ‘आता नाही’ या दोन शब्दांवर पेललेले आहे. आणि मग नामेकवासीयांच्या गोळ्यांतून निघणारा पोरुंगा नावाचा दुसरा ड्रॅगन एकाच माणसाला कितीही वेळा उठवू शकतो, म्हणून क्रिलिन सुखरूप घरी येतो. ज्या कर्जावर एवढा मोठा संताप उभा राहिला, ते कर्ज माफ होते आणि संताप तेवढा शिल्लक उरतो. पुढे माजिन बू नावाचा राक्षस क्रिलिनला चॉकलेट करून खातो, तेव्हा आपण पान उलटतो आणि चहा टाकायला उठतो. गावाला गेलेल्या माणसाची कोणी इतकी काळजी करत नाही.

मेलेल्यांना रिकामे बसू देऊ नये, हेही ध्यानात ठेवावे. गोकू पहिल्यांदा मेला, तेव्हा दहा लाख किलोमीटरचा सर्पमार्ग तुडवत काईओ-सामा नावाच्या देवाच्या ग्रहावर पोहोचला आणि तेथे तालीम करून जिवंतपणी नव्हता इतका बलवान झाला. दुसऱ्यांदा मेल्यावर तो सात वर्षे परलोकात व्यायाम करत राहिला आणि कुस्तीच्या स्पर्धेसाठी डोक्यावर मृतांचे कडे मिरवीत एका दिवसाच्या किरकोळ रजेवर घरी येऊन गेला. मरण म्हणजे सरकारी खर्चाने मिळणारे प्रशिक्षण ठरले, की आपल्या पात्रांचे कुटुंबीयही फारसे रडत नाहीत. खलनायकांनाही या सवलतीपासून वंचित ठेवू नये. ट्रंक्स नावाच्या तरुणाने तलवारीने उभा चिरलेला, मग तुकडे केलेला आणि शेवटी जाळून राख केलेला फ्रीझा २०१५ च्या एका चित्रपटात याच गोळ्यांच्या कृपेने पुन्हा उभा राहिला.

मृत्यूचे खाते भरले की आकड्यांचे उघडावे. त्यासाठी डोळ्यावर लावायचे स्काउटर नावाचे यंत्र फार उपयोगी पडते. समोरच्याचे सामर्थ्य ते संख्येत सांगते, त्यामुळे पात्राचा स्वभाव रंगवण्याची दगदग वाचते. गोकूचा भाऊ रॅडिट्झ पृथ्वीवर उतरतो तेव्हा बंदूकधारी शेतकऱ्याचे सामर्थ्य ५ भरते. त्यानंतर आलेल्या, सायानांचा राजपुत्र असलेल्या व्हेजिटाचे १८,००० असल्याचे आपल्याला कळते आणि आपण थक्क होतो. थोड्याच दिवसांत फ्रीझा अगदी शांतपणे, बाजारभाव सांगावा तसा, आपला आकडा ५,३०,००० असल्याचे सांगतो, आणि रूप बदलल्यावर तो दहा लाखांच्या पुढे जातो. त्यानंतर मात्र आकडे हळूच गुंडाळून ठेवले जातात. वाचकाला मोजण्याची सवय लावून मग मोजमापच काढून घेणे, ही मला या शास्त्रातली अत्यंत बारीक कलाकुसर वाटते. आता कोणीही कोणापेक्षाही बलवान असू शकतो, त्यासाठी नुसते ओरडावे लागते.

याच मालिकेने आधी कशा कुस्त्या लावल्या होत्या, ते आठवले की थोडी अडचण होते. पहिल्या स्पर्धेत बॅक्टेरियन नावाचा, कधीही आंघोळ न करणारा मल्ल दुर्गंधीनेच क्रिलिनला लोळवत असतो, तेव्हा गोकू क्रिलिनला आठवण करून देतो की बाबा, तुला मुळात नाकच नाही. क्रिलिनला ते पटते आणि तो जिंकतो. त्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत गोकू आणि वेषांतर केलेला त्याचा गुरू एकाच वेळी लाथ मारतात, आणि गोकू हरतो, कारण म्हाताऱ्याचा पाय लांब असतो! पायाच्या लांबीवर निकाल लागणारी लढत लिहिण्यासाठी लेखकाला दोन्ही माणसे डोळ्यांसमोर आणावी लागतात, त्यांची अंगकाठी लक्षात ठेवावी लागते. ५,३०,००० लिहायला एक ओळ पुरते. आपला वेळ मौल्यवान आहे. निर्णय सोपा आहे.

घड्याळाच्या बाबतीतही संकोच बाळगू नये. नामेकच्या गाभ्यावर आघात करून फ्रीझा सांगतो की हा ग्रह पाच मिनिटांत फुटणार. ॲनिमे, म्हणजे मालिकेची चलचित्र आवृत्ती, पाहणाऱ्यांनी ती पाच मिनिटे आठवडेच्या आठवडे पाहिली.

आता प्रश्न उरतो तो असा की, नायक एवढा बलवान झाल्यावर संकट आणायचे कोठून. उत्तर सोपे आहे: ते नायकाकडूनच मागवावे. भविष्यातून आलेला ट्रंक्स बजावतो की तीन वर्षांनी यंत्रमानव येऊन जगाचा संहार करतील. त्यावर गोकूची जुनी मैत्रीण बुल्मा सुचवते की त्यांचा निर्माता डॉक्टर गेरो कोठे राहतो हे ड्रॅगनला विचारू आणि त्याला आत्ताच आवरू. मालिकेतले हे कदाचित सर्वांत शहाणपणाचे वाक्य, म्हणूनच ते ताबडतोब धुडकावले जाते. वीरांना लढायची हौस आहे. पुढे गेरोच्याच प्रयोगशाळेतला सेल नावाचा राक्षस परिपूर्ण रूपाच्या शोधात असताना व्हेजिटा त्याला ते रूप मिळू देतो, कारण अपूर्ण शत्रूला हरवण्यात त्याला मौज वाटत नाही. आणि त्याच सेलसमोर आपल्या कोवळ्या मुलाला, गोहानला, उभे करण्यापूर्वी गोकू स्वतःच्या हाताने शत्रूला सेन्झूचा दाणा, म्हणजे त्यांची संजीवनी, फेकून देतो, कारण थकलेल्या माणसाशी लढणे बरे नव्हे. बापाचे हे औदार्य वाचून माझ्या मनात जे आले ते छापण्याजोगे नाही. पण नियम म्हणून लिहून ठेवावे: जगाचा घात करणाऱ्या चुकीला स्वाभिमान म्हणावे, आणि दोन चुका एकापाठोपाठ झाल्या तर तत्त्वनिष्ठा.

सेलविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात उधारीचा धंदा उघड्यावर दिसतो. यंत्रमानव म्हणून तोरियामांनी प्रथम एक म्हातारा आणि एक जाडा माणूस काढला. त्यांचे जुने संपादक काझुहिको तोरिशिमा यांनी ते वाचून नापसंती कळवली. म्हणून ते दोघे हटले आणि सतरा व अठरा क्रमांकाची तरुण जोडी आली. ही तर पोरे आहेत, अशी तक्रार आली, म्हणून सेल आला. तो दिसायला ओंगळ म्हणून त्याने रूप बदलले. ते दुसरे रूप तत्कालीन संपादकांना बावळट वाटले, म्हणून तिसरे घाईने आले. एका खलनायकाची तीन रूपे पाहून आम्ही पोरांनी त्यात उत्क्रांतीचा गूढार्थ शोधला होता. प्रत्यक्षात तो अभिप्रायांचा गठ्ठा होता.

मित्रमंडळींचा प्रश्न मात्र नाजूक आहे. मालिका वाढली की जुनी पात्रे घरातल्या पितळी भांड्यांसारखी माळ्यावर चढतात. वाळवंटातला दरोडेखोर यामचा सुरुवातीला गोकूचा तोलामोलाचा शत्रू होता. पुढे तीन स्पर्धांत तो दर वेळी आपली पहिलीच लढत हरला आणि अखेर मातीतून उगवलेल्या एका हिरव्या जिवाने त्याला मिठी मारून स्वतःसकट उडवून दिले. शिंक आली की स्वभाव बदलणारी लाँच तर कथेतून नाहीशीच झाली, आणि ती कोठे गेली याचे उत्तर तोरियामांनी पुढे मोकळेपणाने दिले: आपण तिला विसरलो. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो. बाकीच्या स्त्रियांना विसरण्याची गरज पडत नाही. त्यांची लग्ने लावून दिली की काम भागते. आणि नायकपदाचा वारस? सेलला मारणाऱ्या गोहानच्या हाती मालिका सोपवण्याचा खुद्द लेखकाचा विचार होता, पण तो नायक म्हणून शोभत नाही असे वाटून त्यांनी गोकूला परलोकातून परत आणले. गोहानची समजूत म्हणून एका वृद्ध देवाने पाच तास नाच करून आणि वीस तास समोर बसवून त्याची सुप्त शक्ती जागवली. इतके झाल्यावर बूने त्याला गिळून टाकले.

आपण या सगळ्याला आळस म्हणाल, तर त्यालाही आधार आहे, आणि तो लेखकाच्याच तोंडचा. सुपर सायानचे केस सोनेरी झाले, त्यामागे काळ्या-पांढऱ्या पानावर ते केस शाईने भरत बसण्याचा मदतनिसाचा वेळ वाचावा हाही विचार होता. शहरे रेखाटणे कटकटीचे, म्हणून ती लवकर उडवून द्यायची आणि लढाई उजाड माळावर न्यायची. हसण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की हा माणूस सुमारे साडेदहा वर्षे दर आठवड्याला एक प्रकरण देत होता, पुढे काय होणार हे बहुतेक वेळा त्यालाही ठाऊक नसे, आणि वाचकांच्या मतपत्रिकांत घसरलेल्या मालिका ‘जंप’ निर्दयपणे बंद करत असे. हजार वर्षांतून एकदा येणारा सुपर सायान पुढे गोकूचा धाकटा मुलगा गोतेन आणि व्हेजिटाचा मुलगा, म्हणजे वर्तमानातला छोटा ट्रंक्स, या सात-आठ वर्षांच्या पोरांना खेळता खेळता साधतो, ते पाहून खुद्द व्हेजिटा म्हणतो की हा तर सुपर सायानांचा सवलतीचा बाजारच भरला आहे. दुकान कसे चालले आहे हे गल्ल्यावर बसलेल्या माणसाला कळत होते. १९९५ च्या आरंभी ‘जंप’चा खप ६५ लाख ३० हजारांवर पोहोचला होता, अशा गल्ल्यावरून कोणी उठू देत नाही.

तरीही एक दिवस थांबावे लागतेच. त्यासाठी शेवटच्या शत्रूलाही रोखीने मारू नये. बूला संपवताना गोकू मनोमन इच्छा करतो की हा पुढच्या जन्मी सज्जन होऊन यावा, म्हणजे पुन्हा लढता येईल, आणि दहा वर्षांनी तो उब नावाचा गरीब घरचा मुलगा होऊन स्पर्धेत हजर होतो. मग लढत अर्ध्यावर सोडून, त्या मुलाला शिकवायचे निमित्त काढून, नायकाला आकाशात उडवून द्यावे. त्या घटकेला हिशेब विचारायला खाली कोणी उभे असेलच, तर ती त्याची बायको असेल. तिला जाता जाता ओरडून सांगावे, मधूनमधून घरी येत जाईन.