मासे पोहून थंड पाण्यात जातील? उत्तरेला जमीन आहे!

भाची नववीत आहे. शाळेत वक्तृत्व स्पर्धा, विषय 'तापणारा समुद्र'. परवा रात्री तिचा फोन आला, "मामा, ऐक ना, भाषण म्हणून दाखवते." पहिलं मिनिट छान गेलं. मग एकदम ठसक्यात, "मित्रहो, जीवाश्म साक्ष देतात! समुद्र यापूर्वीही तापला होता, तेव्हा मासे पोहून थंड पाण्यात निघून गेले, कोणी मेलं नाही!" म्हटलं, हे कुठून आणलंस? तर म्हणे घरच्या ग्रुपवरून. पाठवणारे आमचेच काका. निवृत्त झाल्यापासून ते सकाळी सहाला गुलाबाच्या फुलासोबत ज्ञानही पाठवतात.

तो मेसेज मला या महिन्यात तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा मी न बोलता पुढे सरकलो होतो. आता पोरगी तो माईकवरून म्हणणार, म्हणून बसलोय. मेसेजात सहा मुद्दे आहेत. समुद्र तापणं हे नैसर्गिक चक्र आहे. डायनासोरच्या काळात हवेत कार्बन आजच्या कितीतरी पट होता, तरी शंख-शिंपले सुखात होते. तेव्हाचं तापमान मोजायला थर्मामीटर कुठे होता, सगळे अंदाज. मासे थंड पाण्यात गेले, आताही जातील. देवघरातला शाळीग्राम पाहा, तो त्याच गरम समुद्रातला जीव. आणि शेवटी, ही भीती परदेशी संस्थांनी पसरवली आहे, हा संदेश दहा जणांना पाठवा.

आधी चौथा, कारण तोच भाषणात शिरलाय आणि सगळ्यात घातकही तोच आहे.

कोणी मेलं नाही? 25.2 कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या शेवटी, सायबेरियात लाव्हा वाहायला लागला. आपल्या सह्याद्रीसारखाच काळा पाषाण, तशाच थरावर थर चढलेल्या पायऱ्या. (भूशास्त्रात याला 'ट्रॅप' म्हणतात. हा शब्दच मुळी स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलाय. दख्खनचे ट्रॅप म्हणतात ते त्यामुळेच.) हा लाव्हा वर येताना कोळशाचे थर भाजत आला. हवेत कार्बन डायऑक्साइड भरला आणि समुद्र तापला. समुद्रातल्या दर दहा जातींपैकी आठ किंवा त्याहून जास्त कायमच्या संपल्या. ट्रायलोबाइट नावाचे कवचधारी प्राणी त्याआधी सत्तावीस कोटी वर्षं तग धरून होते, त्यांचे उरलेसुरले वंशजही गेले. त्या काळातल्या प्रवाळांचे दोन्ही मोठे गट नाहीसे झाले. आज आपण ज्यांना प्रवाळ म्हणतो ते निराळ्या घराण्यातले, आणि ते खडकांत दिसायला लागतात त्याआधी पन्नास लाख वर्षांच्या आसपासची पोकळी आहे. चीनमधल्या मेशान इथल्या ज्वालामुखी राखेच्या थरांची वयं काढून 2014 मध्ये जो हिशोब मांडला गेला, त्यात हा संहार साधारण 60 हजार वर्षांत उरकलेला दिसतो. भूशास्त्रात 60 हजार वर्षं म्हणजे चहा गाळायला लागतो तेवढा वेळ.

चीन, सायबेरिया म्हटल्यावर काका 'परदेशी' म्हणून नाक मुरडतील. मग श्रीनगरजवळ खुनमोहला जावं. तिथल्या गुरयुल दरीत पर्मियन काळ संपल्याची ही सीमा खडकांत उघड्यावर दिसते. खालचे थर ब्रॅकिओपॉड या शिंपल्यासारख्या प्राण्यांनी खच्चून भरलेले. वर चढत गेलं की ते विरळ होत संपतात आणि काळसर शेलमध्ये (चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकात) क्लाराया नावाची एक पातळ शिंपली ठिकठिकाणी दिसू लागते. मोठ्या मरणानंतर ओसाड पडलेल्या समुद्रतळावर जे थोडे जीव पसरले, त्यांतली ही.

आता 'पोहून गेले' हा भाग. नाइलाजानं एक मान्य करतो: त्या संहारातून मासे इतरांच्या मानानं बरे सुटले. पण समुद्र म्हणजे काही फक्त मासे नव्हेत. कालव खडकाला चिकटलेलं असतं, प्रवाळ जागचं हलत नाही. त्यांनी कुठं पोहायचं?

आणि ज्यांना पोहता येत होतं त्यांचं काय झालं, यावर 2018 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात पेन, डॉइच आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. काकांनी एवढा एक वाचला तरी पुरे. त्यांनी पर्मियनच्या शेवटचा समुद्र संगणकावर उभा केला आणि तापवला. उष्ण कटिबंधात पाणी सुमारे 10 अंशांनी तापलं आणि समुद्रातला तीन-चतुर्थांशाहून जास्त ऑक्सिजन गेला. मग आजच्या 61 जातींना किती तापमानाला किती ऑक्सिजन लागतो, याची प्रयोगशाळेतली मोजमापं घेऊन त्या समुद्रात कोण कुठं जगू शकलं असतं ते काढलं. उत्तर जीवाश्मांच्या नोंदींशी ताडून पाहिलं, तर जुळलं. संहाराचा अर्ध्याहून जास्त वाटा एवढ्या दोन गोष्टींनीच समजतो: उष्णता आणि गुदमरणं.

गोष्ट अवघड नाही. वैशाखात गावच्या तळ्यातले मासे पहाटे वर येऊन आ वासतात, ते कोणी पाहिलं नाही? कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मुरतो, आणि त्याच वेळी माशाचं शरीर जोरात चालत असल्यामुळे त्याला लागतो जास्त. मिळकत घटते, खर्च वाढतो. तळ्यात जे एका पहाटे होतं ते तेव्हा अख्ख्या समुद्रात हजारो वर्षं चाललं होतं.

आता गंमत पाहा. या अभ्यासात सर्वाधिक मरण विषुववृत्तावर निघालं नाही, ध्रुवांकडे निघालं. जीवाश्मही तेच सांगतात. उष्ण पाण्यातल्या जीवांना कमी ऑक्सिजनची सवय होती. त्यांना थोडं ध्रुवांकडे सरकून ओळखीचं पाणी मिळालं. थंड, ऑक्सिजननं भरलेल्या पाण्यात राहणाऱ्यांना मात्र त्याहून थंड पाणी उरलंच नाही. म्हणजे मेसेजातलं ते सुखाचं 'थंड पाणी' होतं, तिथंच सगळ्यात जास्त प्रेतं पडली!

'मग आपण उष्ण कटिबंधातले, आपले मासे सरकतील की' असं काका म्हणणार, मला ठाऊक आहे. सरकतायत. बांगडा आणि तारली उत्तरेकडे पसरल्याची निरीक्षणं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनंच नोंदवली आहेत. पण नकाशा उघडा ना. पॅसिफिक आणि अटलांटिक वर ध्रुवापर्यंत उघडे आहेत, अरबी समुद्र नाही. कोकणातून निघालेला मासा गुजरात ओलांडेल, कराचीपर्यंत जाईल, आणि पुढे? जमीन. बरं, उत्तरेला नाही तर खोल जावं, तर उत्तर अरबी समुद्रात शे-दीडशे मीटरखाली ऑक्सिजन जवळजवळ नसलेला पाण्याचा जाड पट्टा आहे, हजार मीटरपर्यंत उतरणारा. 25 कोटी वर्षांपूर्वी ज्यांना वाट मिळाली ती ध्रुवाकडे मिळाली. आपल्याकडे ती वाट बंद आहे. हे मी मालवणच्या मासळी बाजारात सांगितलं तर एका मिनिटात कळेल. ग्रुपवर कळत नाही.

थर्मामीटरचा मुद्दा. होता थर्मामीटर, कवचातच होता. पाण्यात दोन वजनांचा ऑक्सिजन असतो, हलका आणि जड. कवच बनताना त्यांचं प्रमाण तापमानाप्रमाणे बदलतं आणि तसंच गोठून राहतं. रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड यूरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1951 मध्ये बेलेम्नाइट नावाच्या, माकुलाच्या नात्यातल्या एका जुरासिक प्राण्याचं कवच आतून बाहेर थराथरानं तपासलं. निघालं काय? तो तीन उन्हाळे आणि चार हिवाळे जगला आणि वसंतात, साधारण चार वर्षांचा असताना मेला. मेल्यावर कोट्यवधी वर्षांनी त्याचा ऋतू सांगता येतो, आणि काका म्हणतात अंदाज. पर्मियननंतरच्या समुद्राचं तापमान असंच कोनोडोंट या चिमुकल्या प्राण्यांच्या दातांसारख्या अवशेषांतून मोजलं गेलं. दक्षिण चीनमधल्या त्या नमुन्यांवरून 2012 मध्ये काढलेला आकडा पृष्ठभागाला चाळीस अंशांच्या आसपास जातो. त्या पाण्यात तुम्ही पाय बुडवून बसाल, प्रवाळ बसणार नाही.

दुसऱ्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, तेवढं देऊन टाकतो. क्रेटेशियस काळात, म्हणजे डायनासोरच्या शेवटच्या पर्वात, हवेत कार्बन डायऑक्साइड आजच्यापेक्षा बराच जास्त होता आणि तरी समुद्रात कवचवाले जीव भरपूर होते. खडूचे डोंगरच्या डोंगर त्यांनी रचले. खरं आहे. पण कार्बन लाखो वर्षांत हळूहळू वाढला की जमिनीवरचे खडक झिजून नद्यांवाटे क्षार समुद्रात येत राहतात आणि पाण्याची आम्लता सावरली जाते. सावरायला काही दहा हजार वर्षं लागतात. प्रश्न कार्बन किती याचा कमी, किती घाईनं आला याचा जास्त. शिवाय त्या गरम समुद्रातले उथळ पाण्यातले बांध (रीफ) प्रवाळांपेक्षा रुडिस्ट नावाच्या शिंपल्यांनी जास्त व्यापले होते. शिंपले सुखात होते म्हणून प्रवाळही होते, असं नाही.

घाईचा हिशोबही आहे. 5.6 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी अशीच अचानक 5-6 अंशांनी तापली. केनेट आणि स्टॉट या शास्त्रज्ञांनी 1991 मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात तळातून काढलेल्या गाळात ते दाखवलं. वर तरंगणारे बरेच जीव तेव्हा खरोखर ध्रुवांकडे सरकून वाचले (घ्या काका, हाही अर्धा गुण), पण खोल तळावर राहणाऱ्या फोरामिनिफेरा या सूक्ष्म जीवांच्या 30 ते 50 टक्के जाती संपल्या. त्या वेळी वर्षाला फार तर 1 अब्ज टनांच्या आसपास कार्बन सुटत होता, असं 2016 चा अभ्यास सांगतो. आज आपण सोडतो साधारण 10 अब्ज टन. पहिल्या मुद्द्यातलं 'नैसर्गिक चक्र' इथंच संपतं, त्यावर वेगळं लिहीत नाही. सहाव्यावर तर अजिबातच नाही.

राहिला शाळीग्राम. हा मुद्दा वाचून मला आधी राग आला, मग हसू. गंडकीच्या पात्रात मिळणारा शाळीग्राम पुष्कळदा अमोनाइट या वेटोळ्या कवचाच्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म असतो. त्यावरचं चक्र म्हणजे त्या प्राण्याच्या कवचाचं वेटोळं. जुरासिक समुद्रातला जीव, हे बरोबर. आणखी एक मान्य करतो, कारण खडक तसं सांगतात: पर्मियनच्या संहारातून अमोनाइटांच्या मोजक्याच शाखा निसटल्या, पण पुढच्या दहाएक लाख वर्षांत त्यांनी पुन्हा जोरदार बस्तान बसवलं. हिमाचलातल्या स्पितीच्या खडकांतही ते भरपूर सापडतात. दहा लाख वर्षं, काका. आणि 6.6 कोटी वर्षांपूर्वी, उल्का आदळली त्या सुमारास, हे सगळं कूळ संपलं. त्यांचा दूरचा भाऊ नॉटिलस उरला, अमोनाइट एकही नाही. जो वाचला म्हणून दाखवताय तो आज दगड आहे.

भाचीनं चौथा मुद्दा खोडून त्या जागी तळ्यातले मासे घातलेत. शाळीग्रामाचा मुद्दा मात्र तिला ठेवायचाच आहे, मेसेजच्या उलट बाजूनं. त्यासाठी आजीच्या देवघरातला शाळीग्राम स्टेजवर न्यायचा म्हणते. आजी म्हणाली, आंघोळ केल्याशिवाय हात लावायचा नाही आणि शाळेत तर नाहीच. काल रात्रीपर्यंत त्यांची तडजोड झालेली नव्हती.