ती ओवी ज्ञानेश्वरांची नाही

मराठी भाषा दिन आला की ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ ही ओवी ज्ञानेश्वरांच्या चित्रासह फिरते. अमृताशी पैज लावणारी ओवी माउलींची, ही मात्र ‘ख्रिस्तपुराण’ या मराठी काव्यग्रंथातली. कर्ते फादर थॉमस स्टीफन्स. त्यांना ‘पोर्तुगीज पाद्री’ म्हणतात, तेही चूक: ते इंग्रज, जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू, १५७९ साली गोव्यात आले.

ग्रंथ १६१६ साली गोव्यातल्या राचोलला छापला, पण रोमन लिपीत. देवनागरीचा तिटकारा नव्हता, अडचण छपाईच्या खिळ्यांची, म्हणजे धातूत ओतलेल्या अक्षरांची. १६०८च्या पत्रात स्टीफन्स स्वतःच सांगतात: युरोपात चोवीस अक्षरांत भागते, इथे अक्षरागणिक वेगळा, असे सहाशे साचे ओतावे लागतील. (काना-मात्रा, जोडाक्षरे मोजा म्हणजे पटेल.) शिवाय वरिष्ठांचा हुकूमही हवा होता.