थरांची संख्या सम की विषम?

अतिपातळ पदार्थ आणि प्रकाश यांवरील लेखात ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड (मॉलिब्डेनम व गंधक यांचे थरांनी बनलेले संयुग) यांना एकाच तागडीत तोलून ‘दोन्ही पदार्थ प्रकाशाची वारंवारता दुप्पट करतात’, म्हणजेच तरंगलांबी निम्मी करतात, असे म्हटले आहे, ते सरसकट मान्य करता येत नाही. ग्राफीनच्या रचनेला केंद्रसममिती असल्यामुळे (म्हणजे मध्यबिंदूतून उलटवली तरी ती तशीच दिसत असल्यामुळे) तिथे हा परिणाम जवळजवळ मिळत नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकेरी थरात मात्र ती सममिती नसल्याने १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाचा काही अंश ५३२ नॅनोमीटरचा हिरवा होऊन बाहेर पडतो, आणि गंमत अशी की नेहमीच्या स्फटिकरचनेत दुसरा थर चढला की हा हिरवा प्रकाश जवळपास नाहीसा होतो व तिसऱ्याबरोबर पुन्हा दिसू लागतो. ग्राफीनचे बळ वेगळे आहे. त्याचा एक थर सुमारे २.३ टक्के प्रकाश शोषतो, तीव्रता वाढली की हे शोषण घटते, आणि त्याच जोरावर फायबर लेसरमधून अतिलघु स्पंद मिळवले गेले.

सोलापुरात पदव्युत्तर वर्गाला शिकवताना विद्यार्थी हमखास विचारतात, की नॅनोमीटरहूनही पातळ थरात प्रकाशाला वाव तो किती? लेखाने हा प्रश्न टाळायला नको होता. तरंगवाहिनीवर (प्रकाशाला ठरावीक वाटेने नेणाऱ्या सूक्ष्म मार्गावर) थर अंथरून प्रकाश त्याच्या लगत लांबवर नेता येतो. फक्त मग मूळ आणि नव्या प्रकाशलहरींच्या कलांचा (चढउतारांच्या टप्प्यांचा) मेळ साधावा लागतो आणि शोषणाचा तोटाही वाढतो.